साडेसहा नंबर

माझ्या काउंटरवर येणारी प्रत्येक बाई आधी खोटं बोलते. "मला ना, मध्यम लागतं," म्हणते आणि बोट ठेवते तीन नंबरवर. मी वाद घालत नाही. तिला स्टुलावर बसवते, जबड्याच्या कडेची कातडी कापसानं स्वच्छ पुसते आणि गालाखालून मानेकडे फाउंडेशनचे तीन पट्टे ओढते. एक तिला हवा तो, एक मला वाटतो तो आणि एक त्याच्या पुढचा. मग हातात आरसा देऊन दुकानाच्या दारात, बाहेरच्या उजेडात उभी करते आणि दहा मिनिटं थांबायला लावते. फाउंडेशन लावल्या लावल्या एक दिसतं आणि कातडीवर मुरलं की दुसरंच. दहा मिनिटांनी जो पट्टा शोधून सापडत नाही, तो आपला. "अहो, मधला पुसला गेला वाटतं," असं बाई म्हणाली की समजायचं, जमलं.

बावीस वर्षं हेच करतेय. दुकानात मला सगळे शेडबाई म्हणतात, मालकसुद्धा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांवर माझा काडीचा विश्वास नाही आणि मनगटावर शेड बघणाऱ्या बायकांवर तर मी सरळ खेकसते. लग्नाला मनगट घेऊन जाणार आहात की तोंड?

माझी एक वहीही आहे. तिच्यात प्रत्येकीचा नंबर, कशात काय मिसळलं ते आणि शेवटी एका प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं असतं. प्रश्न असा की, हा रंग तुम्हाला कुणाकडून आला? बायकांना वाटतं, काय चौकस बाई आहे. चौकस तर मी आहेच. पण रंगाच्या खाली आणखी एक रंग असतो, पिवळसर, लालसर नाहीतर हिरवट, आणि तो घरातूनच येतो. कुणी "आत्याकडून" म्हणाली आणि ती आत्या माझ्या वहीत असली, की माझं अर्धं काम तिथंच होतं.

वहीच्या पहिल्या पानावर माझी लेक आहे. बबडी. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि शाळेच्या नाटकात तिला काम मिळालं होतं. कंपनीचे नंबर एक ते नऊ. एक म्हणजे दुधासारखा आणि नऊ म्हणजे रात्रीसारखा. बबडीला सहा लावला तर राखेत तोंड घातल्यासारखी दिसली, सात लावला तर उगाच थकल्यासारखी. मग मी माझ्या हाताच्या मागच्या बाजूला दोन्ही मिसळत बसले. दोन थेंब सात, एक थेंब सहा. माझ्या हातावर दिसेनासं झालं आणि तिच्या गालावरही. तिनं आरशात बघितलं आणि हसून म्हणाली, "आई, आपण दोघी साडेसहा!" हिशेबानं ते साडेसहाच्या जरा पुढं जातं, पण नाव पडलं ते पडलं. वहीत मी लिहिलं, साडेसहा, रंग आईचा. तिचे बाबा चार नंबर होते. ती सहा वर्षांची असताना ते गेले आणि त्यांचं नाक तिच्याकडे ठेवून गेले. रंग मात्र माझाच.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिची बाटली भरून द्यायची. ती कधी शिकली नाही आणि मीही शिकवलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. लेक मोठी झाली, नोकरीला लागली, माझ्यापेक्षा दुप्पट शहाणपणा बोलायला लागली, पण बाटली संपली की "आई, भरून दे ना" म्हणत यायची.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, एकदा बसस्टॉपवर लांबून दाखवला तिनं मला. बरा वाटला, उंच, जरासा वाकून चालणारा. त्याच्या घरच्यांना भेटायचं दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. एकदा म्हणे त्यांच्या घराचं काम निघालं, एकदा म्हणे त्याच्या आईचा पाय मुरगळला. लग्न महिन्यावर आलं तरी मी विहीणबाईंचं तोंड पाहिलं नव्हतं. "अगं, मी फोन तरी करते," म्हटलं, तर बबडी म्हणाली, "त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही गं." मी म्हटलं, असेल. माणसं असतात तऱ्हेवाईक.

तरी मला दिसायला हवं होतं. तिच्या पर्समध्ये एकदा कागदी रुमाल सापडला, त्यावर चार नंबरचा डाग. चार! मी डाग बघून नंबर सांगते, माझ्यासमोर कोण लपवणार? पण मला वाटलं, मैत्रिणीनं तोंड पुसलं असेल. भर उन्हाळ्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचे कपडे घालायला लागली, तर वाटलं, ऑफिसात एसी असेल. जगाच्या तोंडावरचं खोटं मला दारातूनच कळतं. घरातलं कळलं नाही. लेकीला कुणी उजेडात नेऊन बघतं का?

त्या आठवड्यात आमच्या दुकानाच्या दुसऱ्या शाखेतली बाई रजेवर होती, म्हणून मालकांनी मला तिकडे पाठवलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी निघताना मी बबडीला सांगितलं होतं. ती फोनमध्ये डोकं घालून "हं" म्हणाली. त्या "हं"चा अर्थ 'ऐकलं नाही' असा असतो, हे मला ठाऊक होतं, पण पुन्हा कोण सांगणार?

गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी आरसे पुसत होते. दार ढकलून एक साठीच्या बाई आत आल्या, ठेंगण्या, हातात छत्री, चेहऱ्यावर पावडरसुद्धा नाही. त्यांनी मागे वळून कुणाला तरी दंडाला धरून आत ओढलं. ती माझी बबडी होती.

मी हसलेच. तोंडातून "अगं, तू इकडे कुठं" निघणारच होतं. तेवढ्यात तिनं माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे तिनं जन्मात कधी बघितलं नव्हतं. भीती होती त्यात आणि विनवणी होती. मान इतकीशी हलली, नको म्हणून. तिच्या चेहऱ्यावर चार नंबर होता, कानापासून गळ्यापर्यंत, नीट पसरून लावलेला.

"आपण दुसरीकडे जाऊ या का?" ती त्या बाईंना म्हणाली. "इथं काही खास नसतं."

"छे गं!" बाई म्हणाल्या. "मुद्दाम आले मी. आमच्या शेजारणीनं सांगितलंय, मोठ्या दुकानातल्या शेडबाई या आठवड्यात इथं आहेत, त्यांनाच गाठा. तुम्हीच ना हो त्या?"

"मीच," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"ही माझी होणारी सून. लग्न महिन्यावर आलंय. हिच्यासाठी चांगलं काय ते काढा. घाई करू नका, माझ्याकडे सगळी दुपार आहे."

तर या विहीणबाई. पाय छान होता त्यांचा, कुठं मुरगळलेला दिसत नव्हता.

मी स्टूल पुढं केलं. बबडी बसली. माझ्या हाताला सवय आहे म्हणून हात चालत होते. कापूस काढला, आरसा लावला.  यांना घरी का आणलं नाही, हे मला अजून कळलं नव्हतं, पण कळणार हे कळत होतं. तेवढ्यात विहीणबाई माझ्याजवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या. त्यांना वाटलं, बबडीला ऐकू जाणार नाही. दोन हातांवर तर बसली होती ती.

"हिला आई नाही हो. लहानपणीच गेली. चारचौघींत उठून दिसायची म्हणे, गोरीपान. आता घरी सावत्र आहे. ती हिचं काही बघत नाही, धड बोलतसुद्धा नाही. कुठल्याशा दुकानात असते. लग्नाची खरेदी पोरगी एकटीनं करतेय, मला बघवेना. म्हटलं, चल, मी येते."

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते कसं असतं ते मला तेव्हा कळलं. दुखत नाही आधी. मी कापसावर मेकअप पुसायचं औषध ओतत होते ते ओतत राहिले, बोटं ओली झाली, काउंटर ओलं झालं.

सावत्र. तापात तेरा दिवस उशाशी बसलेली मी सावत्र. हिच्या कॉलेजसाठी दोन दोन पाळ्या उभ्यानं काढल्या, पायाच्या शिरा निळ्या झाल्या, ती मी सावत्र. आणि गोरीपान मेलेली बाई कोण, तर माझीच जागा घेणारी कुणीतरी, जी कधी जन्मालाच आली नाही! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या क्षणी बोलले असते तर दुकान गोळा झालं असतं.

औषधाची बाटली खाली ठेवली. बबडीकडे बघून विचारलं, "असं का? फार त्रास देतात का हो त्या तुम्हाला?"

तिनं आरशात बघितलं नाही. मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाली, "तसं नाही. त्या... त्यांच्या कामात असतात."

"बघा, अजून वाईट बोलत नाही ती," विहीणबाई म्हणाल्या. "किती गुणाची आहे!"

मी तिची हनुवटी धरून मान वर केली. हळूच धरली नाही. कापूस जबड्यावर ठेवला आणि ओढला, एकदा, दोनदा, तीनदा. चार नंबर कापसावर आला आणि खाली साडेसहा दिसला. माझा रंग. रोज सकाळी घरात बघत होते तोच. घरातून निघताना ती साडेसहा असायची आणि जिन्यात कुठंतरी चार होत असणार.

"अय्या," विहीणबाई पुढं वाकल्या. मला वाटलं, आता होणार. मला वाटलं, आता या बाईचं तोंड वाकडं होईल आणि मला निदान हे तरी कळेल की माझी लेक घाबरली ती उगाच नाही.  खरं सांगते, मी तशी इच्छाच करत होते.

विहीणबाई हसायला लागल्या. "अगं वेडे, हे काय थापून फिरतेस? मला वाटायचं, हल्ली मुलींची फॅशनच असेल तोंड वेगळं आणि हात वेगळे. किती छान रंग आहे तुझा! माझ्या थोरल्या बहिणीचा अगदी असाच होता. काय हो, छान आहे ना?"

"छान आहे," मी म्हणाले.

बबडीच्या डोळ्यांत पाणी भरलं. म्हणजे सगळंच उगाच. ज्या भीतीपायी तिनं आईला मारलं, तिला काही कारणच नव्हतं. या बाईला रंगाचं काही म्हणजे काही नव्हतं. एकदा घरी आणलं असतं, मी दार उघडलं असतं, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं आणि म्हणाल्या असत्या, थोरल्या बहिणीसारखा. एवढ्यावर संपलं असतं सगळं.

मी पट्टे ओढले. सहा आणि सात. दारात नेऊन उभी केली. रस्त्यावर ऊन होतं, समोरच्या इमारतीवर रंगारी शिडी लावत होते. विहीणबाई दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, झालं का, आणि मी म्हणत होते, थांबा. बबडी माझ्यापासून वीतभर अंतरावर उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. विहीणबाई जरा बाजूला जाऊन लिपस्टिक बघायला लागल्या, तेव्हा ती ओठ न हलवता म्हणाली, "प्लीज."

आईसुद्धा म्हणाली नाही. नुसतं प्लीज.

दहा मिनिटांनी दोन्ही पट्टे दिसत होते. दिसणारच. विहीणबाईंनी आरशात पाहून तोंड पाडलं. "दोन्ही नाही बसत हो."

"मिसळावं लागेल," मी म्हणाले आणि हाताच्या मागे थेंब घेतले. दोन सात, एक सहा. बोटानं फिरवलं. बावीस वर्षांची सवय, दुसरीकडे कुठं मिसळायचं सुचलंच नाही. हातावर ते दिसेनासं झालं. तिच्या गालावर टेकवलं, तिथंही दिसेनासं झालं. माझा हात तिच्या गालाला लागून होता. विहीणबाई बघत राहिल्या.

"काय गंमत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा हात कुठं संपतो आणि हिचा गाल कुठं सुरू होतो, कळत नाही."

त्यांना एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी बोट नेमकं ठेवलं होतं. मी हात काढला नाही. बबडीनंही मान हलवली नाही. आता सांगणं किती सोपं होतं! रंगाचं खोटं पुसून झालं होतं, कापूस कचऱ्याच्या डब्यात पडला होता. आता लपवायचं काय उरलं होतं? फक्त मी उरले होते.

मी बाटली भरली, बूच लावलं आणि वही काढली. नवं पान उघडलं. तारीख घातली. दोन सात, एक सहा, लिहिलं. मग पेन तसंच धरून लेकीकडे बघितलं आणि जो प्रश्न मी प्रत्येक बाईला विचारते, तो तिला विचारला.

"हा रंग तुम्हाला कुणाकडून आला?"

तिला हा प्रश्न माहीत होता. त्याचं उत्तर पहिल्या पानावर आहे, हेही माहीत होतं. मी तिला दार उघडून देत होते. चूक झाली, आई, एवढं म्हणाली असती तर मी तिथंच तिला पोटाशी धरली असती आणि विहीणबाईंना मीच काहीतरी सांगून सांभाळून घेतलं असतं. मला येतं तसं. बायकांचं खोटं सांभाळून घ्यायचीच तर नोकरी आहे माझी. बोल, बबडे. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं.

तिनं विहीणबाईंकडे बघितलं. मग वहीकडे.

"बाबांकडून," ती म्हणाली.

मी लिहून घेतलं. बाबांकडून. अक्षर चांगलं आलं.

जाताना विहीणबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्हीच करा ना हिचा मेकअप लग्नाच्या दिवशी. आणि नुसतं कामाला नका येऊ, जेवायला थांबा. आईच्या वयाचं कुणीतरी जवळ हवं पोरीला."

"बघते," मी म्हणाले. "सुट्टी मिळाली तर."

"मॅडमना थँक यू म्हण गं."

"थँक यू, मॅडम," माझी लेक म्हणाली.

संध्याकाळी ती माझ्या आधी घरी पोचली होती. तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले. मी चप्पल काढायच्या आतच सुरू झाली, की मी सांगणारच होते, लग्न झाल्यावर सगळं सांगणार होते, ऑफिसात पहिल्या दिवशी कुणीतरी रंगावरून बोललं आणि मग सुरू झालं, मग एकातून दुसरं निघत गेलं. सगळं खरं असेल. मी ऐकून घेतलं. मग कपाटातून सहाची एक बाटली काढली, सातची एक काढली आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवल्या.

"दोन थेंब सात, एक थेंब सहा," मी म्हणाले. "आता तुझं तू मिसळ."

"आई, असं नको ना करू." ती रडायला लागली. "तू लग्नाला येशील ना?"

"येईन की. कोण म्हणून येऊ?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी थांबले. दुपारी दारात थांबले होते तितकीच थांबले असेन. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं, डोळे पुसले, घसा साफ केला आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार तिनं नुसतं ओढून घेतलं होतं, त्यामुळे मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"हो आई," ती म्हणाली. "पोचले मी. नाही, घरी कुणी नाही."